यादीत नसलेला मोडेम

इंदुमती गावंडे यांनी भिंतीवरचं मदतीचं बटण एकूण सात वेळा दाबलं. पहिल्यांदा दुपारी बारा वाजून छप्पन्न मिनिटांनी आणि शेवटचं चार वाजून अठ्ठावीस मिनिटांनी. सातही वेळा पलीकडून तोच गोड आवाज आला आणि त्याने तेच सांगितलं, "आपला मोडेम सुसंगत यादीत नाही. आमचा तंत्रज्ञ वीस मिनिटांत आपल्यापर्यंत पोहोचेल."

पहिल्या तीन वेळा इंदुमतीबाईंनी त्याला "बरं बापू" म्हटलं. चौथ्या वेळी म्हणाल्या, "बापू, मले लय गरमी होऊन राह्यली. दार काही उघडून नाही राह्यलं." सातव्या वेळी त्या काही बोलल्या नाहीत. नुसता श्वास ऐकू येत होता, आणि तो आवाज आपलं वाक्य पूर्ण करून थांबला होता.

तंत्रज्ञ कुठूनही निघाला नव्हता.

संध्याकाळी सहाला प्रणिता घरी आली, तेव्हा दार उघडेना. तिने शेजारच्या दोघांना बोलावून पहारीने ते फोडलं. आतून आलेली हवा भट्टीसारखी होती. आई स्वयंपाकघरात होती. फ्रिजचं दार उघडं टाकून त्याच्यासमोर सतरंजी अंथरून ती त्यावर कुशीवर निजली होती. बंद खोलीत फ्रिज उघडा ठेवला की खोली गार होत नाही, उलट तापते, कारण आतली उष्णता तो मागच्या जाळीतून खोलीतच ओकत राहतो. प्रणिताला हे माहीत होतं. आयुष्यभर शाळेचे गणवेश शिवणाऱ्या तिच्या आईला कुठून माहीत असणार?

ती २०४१ सालची एकोणीस मे. अकोल्यात त्या दिवशी पारा अठ्ठेचाळीसच्या वर गेला होता.

तोवर विदर्भातली नवी घरं थर्मासासारखी बांधली जाऊ लागली होती. जाड पोकळ भिंती, धातूचा पातळ थर दिलेल्या न उघडणाऱ्या काचा आणि फटी नसलेली दारं. आत गारवा राखायला थोडी वीज पुरायची. पण उन्हाळ्यात सगळ्यांनी एकाच वेळी वीज ओढली तर शहर अंधारात जाई. म्हणून प्रत्येक घराने दर चार सेकंदांनी वीज केंद्राशी बोलायचं, मी आता किती घेऊ, असं विचारायचं आणि मिळेल तेवढंच घ्यायचं, असा नियम आला. हे बोलणं घरातलं सॉफ्टवेअर करी. बहुतेक घरांत 'ओसरी' नावाचं सॉफ्टवेअर होतं. पंखे, पडदे, कुलपं, गारवा, सगळं तीच सांभाळायची.

पण घराची भाषा वेगळी आणि बाहेरच्या तारांची वेगळी. दोघांच्या मध्ये दुभाषा लागतो, तो म्हणजे मोडेम. मोडेम सुरू होताना आधी आपलं नाव सांगतो. मला कोणी बनवलं, माझं मॉडेल कोणतं, आत कोणती आवृत्ती आहे. सॉफ्टवेअर ते नाव आपल्या यादीत शोधतं. सापडलं तर बोलणं सुरू. नाही सापडलं तर दुभाषा कितीही हुशार असो, त्याच्याशी एक अक्षर बोलायचं नाही.

आणि वीज केंद्राशी बोलणं तुटलं की ओसरी मौनात जाई. दिवे आणि फ्रिज सोडून बाकी सगळं बंद. कुलपंही बंद, आतून आणि बाहेरून दोन्हीकडून. पहिल्या वर्षी चोरांनी मोडेमची तार कापून घरं उघडली होती, म्हणून कंपनीने तशी सोय केली होती. धातूच्या काचांतून मोबाइलचा सिग्नल येत नसे, तोही मोडेममधूनच जाई. मौनात गेलेल्या घरातून बाहेर पोहोचणारी एकच गोष्ट उरायची, भिंतीवरचं मदतीचं बटण. ते वेगळ्या तारेने फक्त कंपनीला लागायचं.

एकोणीस मेच्या सकाळी ओसरीची नवी आवृत्ती आली आणि यादीतून अकरा जुने मोडेम वगळले गेले. त्यांतल्या एकातही बिघाड नव्हता.

इंदुमतीबाईंच्या घरातला मोडेम प्रणितानेच बसवलेला होता. चव्वेचाळीस वर्षांची प्रणिता बस स्टँडजवळ मोडेम दुरुस्तीचं दुकान चालवायची. हजारो मोडेम तिच्या हाताखालून गेले होते. त्यांतला सर्वांत भरवशाचा निवडून तिने तो आईसाठी आणला होता. त्या दुपारी ती आईपासून सहा किलोमीटरवर होती. चारला तिने आईला फोन लावला, लागला नाही. झोपली असेल, म्हणून तिने पुन्हा लावला नाही.

*

ग्राहक आयोगापुढे तक्रार उभी राहिली तेव्हा कंपनीकडून कौस्तुभ पळसोकर आला. ओसरीच्या नागपूरच्या मुख्य कार्यालयात तो सुसंगतता प्रमुख होता. कोणता मोडेम यादीत ठेवायचा आणि कोणता काढायचा, यावर शेवटची सही त्याची असायची. पंचेचाळिशीचा, नीटनेटका, हळू बोलणारा माणूस. तो प्रणितापासून तीन खुर्च्या सोडून बसला होता.

आईच्या सातही हाका तिथे ऐकवल्या गेल्या. प्रणिताने त्या दिवशी त्या पहिल्यांदा ऐकल्या. नंतर तिने स्वतः उठून विचारलं, "आई सात वेळा बोलली. एकदाही त्या एका घरापुरती सूट देता आली नसती का? तुमच्या कार्यालयातून, बसल्या जागेवरून?"

पळसोकरने शपथेवर उत्तर दिलं. "तांत्रिकदृष्ट्या ते अशक्य आहे. यादी सगळ्या घरांना एकच असते. एका घरासाठी अपवाद करण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये नाही. असती तर आम्ही ती वापरली नसती का?"

शेवटचं वाक्य तो इतक्या कळवळ्याने बोलला की प्रणिताच्या शेजारी बसलेल्या तिच्या वकील शबाना काझींनीसुद्धा मान खाली घातली.

तक्रार फेटाळली गेली. सूट देणं शक्यच नव्हतं म्हटल्यावर त्या सात हाकांना काही अर्थ उरला नाही. यादी बदलल्याची सूचना कंपनीने रीतसर पाठवली होती. निकालात एक ओळ अशी होती, की असंगत मोडेम तक्रारदाराने स्वतः बसवला होता.

ती ओळ प्रणिताच्या डोक्यात खिळ्यासारखी रुतली. जेवताना, दुकानात, रस्त्याने चालताना ती तिला ऐकू येई. पण दुसरंही एक तिला पक्कं ठाऊक होतं. वीस वर्षं यंत्रं उघडून बघण्यात गेली होती. ज्याने कुलूप बनवलं त्याने स्वतःसाठी एक किल्ली ठेवली नाही, असं तिने आजवर पाहिलेलं नव्हतं. तो माणूस खोटं बोलला होता. ते त्याच्याच तोंडून वदवायचं कसं, एवढाच प्रश्न होता.

आधी तिने सरळ मार्ग धरला. मौनात गेलेल्या घराचं दार निदान आतून तरी उघडू द्या, असं पत्र कंपनीला लिहिलं. उत्तर आलं, "आपली सूचना नोंदवली आहे." सहा महिन्यांनी दुसरं पत्र, तेच उत्तर. तिसऱ्या पत्रात तिने बदल कुठे करायचा तेही लिहून दिलं. एका ओळीचं काम होतं. उत्तर बदललं नाही.

तेव्हा तिने दुकान बंद केलं आणि नागपूरला खोली घेतली.

*

ओसरीची घरं सांभाळणाऱ्या एका सेवा एजन्सीला तंत्रज्ञ हवे होते. घटस्फोटानंतर प्रणिता गावंडे हेच नाव लावायची, पण तिच्या प्रमाणपत्रांवर सासरचं ठोंबरे होतं. त्या नावाने तिला नोकरी मिळाली. एजन्सीने तिला एक गाडी दिली, एक टर्मिनल दिलं आणि एक लांब पोलादी किल्ली दिली. घर मौनात गेलं तरी ही किल्ली बाहेरून कुलूप उघडते. नागपुरात अशा नऊ किल्ल्या होत्या. अकोल्यात त्या दिवशी दोन होत्या, आणि दोन्ही कपाटात होत्या.

चौदा महिने तिने निमूट काम केलं. लोकांच्या घरी जायचं, मोडेम तपासायचे, चहा घ्यायचा आणि निघायचं. पळसोकरची वसाहत तिच्याच विभागात यावी म्हणून तिने कोणाकडे शब्द टाकला नाही. एका सहकाऱ्याची बदली झाली तेव्हा ती आपोआप आली.

एप्रिलमध्ये उन्हाळ्यापूर्वीची तपासणी निघाली. दार पळसोकरनेच उघडलं.

"या. उन्हातून आलात, बसा जरा," तो म्हणाला आणि स्वतः आत जाऊन कैरीच्या पन्ह्याचा पेला घेऊन आला. "कुठल्या तुम्ही?"

"अकोल्याची."

"अकोला म्हणजे आमच्यापेक्षा तापतं."

"हो. तापतं."

ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. अकोला शब्दाने तिथे काही हललं नाही. तिचा चेहरा त्याला आठवला नाही. तो गॅलरीतल्या झाडांना पाणी कमी पडतंय म्हणून सांगत होता, बायको आणि मुलगी मे महिन्यात चिखलदऱ्याला जातात आणि आपण इथेच अडकून पडतो, असंही सांगत होता. पन्हं चांगलं झालं होतं. प्रणिताने पेला रिकामा केला. तोवर तिच्या मनात जे थोडं मागेपुढे होत होतं, ते तिथेच थांबलं.

मग तिने जिन्याखालच्या पेटीतला मोडेम काढला आणि पिशवीतला दुसरा बसवला. बाहेरचं कवच नव्या मॉडेलचं होतं. आत आईच्या घरातला मोडेम होता. प्रणिताने त्याला एकच गोष्ट शिकवली होती. नाव विचारलं की यादीतलं एक नाव सांगायचं. ती बाहेरून इशारा देईल त्या दिवशी मात्र बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचं आणि आपलं खरं नाव सांगायचं.

ओसरीत तिने काडीचाही बदल केला नाही. कंपनीने तिच्या पत्रातली ती एक ओळ बदलली असती, तर त्या मोडेमने खरं नाव सांगूनही पळसोकर दार उघडून बाहेर आला असता.

*

मेमधला तिसरा शनिवार. पळसोकर घरात एकटा होता. प्रणिताने गाडी त्याच्या फाटकासमोरच्या कडुनिंबाखाली लावली, टर्मिनल मांडीवर घेतलं, आणि दुपारी बारा पन्नासला इशारा पाठवला.

एक वाजून चार मिनिटांनी पळसोकरने पहिल्यांदा बटण दाबलं. तो गोड आवाज त्याला म्हणाला, "आपला मोडेम सुसंगत यादीत नाही. आमचा तंत्रज्ञ वीस मिनिटांत आपल्यापर्यंत पोहोचेल." तक्रार सर्वांत जवळच्या तंत्रज्ञाकडे गेली, म्हणजे प्रणिताकडे. तिने ती स्वीकारली. एकाने स्वीकारली की यंत्रणा दुसऱ्याला शोधत नाही. आता तो बटण दाबेल तेव्हा हाक थेट तिच्याकडे येणार होती, आणि नियमाप्रमाणे प्रत्येक शब्द कंपनीच्याच दप्तरी ध्वनिमुद्रित होणार होता.

दीडला हाक आली.

"अहो, कुठे आहात? मी कौस्तुभ पळसोकर, हेड ऑफिसला असतो. घर मौनात गेलंय."

"हो साहेब. मोडेम यादीत नाही दाखवतंय."

"कसा नाही? गेल्या महिन्यात तुमच्याकडच्याच बाईंनी बसवलाय."

"बसवलाय. पण यादीत नाही."

"ते नंतर बघू. किल्ली आहे ना तुमच्याकडे? किती वेळ लागेल?"

"वीस मिनिटं," प्रणिता म्हणाली. फाटक तिच्यापासून चाळीस फुटांवर होतं.

बटणाच्याच तारेवरून घरातलं तापमान टर्मिनलवर येत होतं. छत्तीस. दोन वाजता एकोणचाळीस. पुढच्या हाकेला त्याचा आवाज चढलेला होता. तुमचं नाव काय, एजन्सी कोणती, सोमवारी तुमची नोकरी राहणार नाही. ती ऐकून घेत होती. त्याला श्वास लागला तेव्हा म्हणाली, "साहेब, फ्रिज चालू असेल, त्यातलं पाणी पिऊन घ्या. पण त्याचं दार उघडं ठेवू नका, खोली आणखी तापते. माझ्या आईने ठेवलं होतं. तिला माहीत नव्हतं."

"कोण बोलतंय?"

"प्रणिता गावंडे. अकोला. आयोगात तुम्ही माझ्यापासून तीन खुर्च्या सोडून बसला होता. एप्रिलमध्ये मला पन्हं दिलंत."

त्याचा आवाज एकदम खाली आला. मग म्हणाला, "हे बघा बाई, तुमचं दुःख मी समजू शकतो. पण हा गुन्हा आहे. मी पोलिसांना बोलावतो."

"कसं बोलावणार? बटण एकच आहे आणि ते माझ्याकडे लागतं."

"काय हवंय तुम्हाला?"

"तेव्हा विचारलं तेच. एका घरापुरती सूट देता येते का?"

"नाही येत. मी शपथेवर सांगितलंय."

"मग माझाही इलाज नाही साहेब."

"किल्ली आहे तुमच्याकडे."

"आहे. मांडीवर आहे."

त्याने हाक तोडली. थोड्या वेळाने घरातून धडधड आवाज आले. तो खुर्ची काचेवर घालत होता. ती काच दोन थरांची, मध्ये चिकट पडदा असलेली. तिला तडे जातात, ती फुटत नाही. दहा-बारा घाव झाले आणि थांबले. आजूबाजूच्या घरांतलं कोणी बाहेर आलं नाही. सगळ्यांच्या काचा तशाच होत्या.

एक्केचाळीस. बेचाळीस.

प्रणिताला ठाऊक होतं तो आत काय करतोय. हिशेब मांडत होता. एका बाजूला दार, दुसऱ्या बाजूला खोटी शपथ. तोंड उघडलं तर इतकी वर्षं उभं केलेलं सगळं जाणार. तिला वाटलं होतं की तो अर्ध्या तासात बोलेल. तो पन्नास मिनिटं बोलला नाही. त्रेचाळीस झाले. घरातल्या हालचालीचा दिवा टर्मिनलवर आधी दर मिनिटाला लुकलुकत होता, मग पाच मिनिटांनी, मग लुकलुकलाच नाही.

ती मांडीवरच्या किल्लीकडे बघत राहिली. गाडीतसुद्धा झळा लागत होत्या, पाठीला घामाने सदरा चिकटला होता. तिने आत पडलेल्या माणसाचा विचार करून पाहिला. त्याची बायको, त्याची मुलगी, गॅलरीतली झाडं. सगळं लांबचं वाटत होतं. जवळ फक्त तो श्वास होता, सातव्या हाकेतला. तो संपेपर्यंत पलीकडे कोणी उठलं नव्हतं. तीही उठली नाही.

चव्वेचाळीस.

तीन वाजून सदतीस मिनिटांनी हाक आली. आवाज ओळखू येईना इतका बसला होता.

"टर्मिनल... समोर आहे?"

"आहे."

"सेवेची यादी उघडा. सगळ्यात खाली... एक रिकामी ओळ आहे. तिच्यावर बोट दाबून ठेवा. सात सेकंद."

प्रणिताने ती ओळ चौदा महिने रोज पाहिली होती. तिने बोट ठेवलं. सातव्या सेकंदाला पडदा बदलला.

"घराचा क्रमांक मागतंय," ती म्हणाली.

"माझा टाका. मग संकेत." त्याने नऊ अक्षरं सांगितली. दोनदा चुकला, पुन्हा पहिल्यापासून सांगितली. "आता... अपवाद... मंजूर करा."

"थांबा. हे तेव्हाही होतं?"

"बाई, दार..."

"तीन वर्षांपूर्वी, एकोणीस मेला. हे होतं?"

"होतं."

"आईने हाका मारल्या तेव्हा तुम्हाला कोणी विचारलं होतं?"

पलीकडे नुसती धाप ऐकू येत होती. मग तो म्हणाला, "तीन वाजता विचारलं होतं. मी... नाही म्हटलं. एकाला दिली असती तर सगळ्यांनी मागितली असती. जुने मोडेम कोणी बदललेच नसते."

प्रणिताने बटण दाबलं. फाटकामागे कुलूप खटकन उघडल्याचा आवाज आला आणि घराचा गारवा गुरगुरत सुरू झाला. ओळीवर बोट ठेवल्यापासून दार उघडेपर्यंत, त्याचं चुकणं आणि तिचे प्रश्न धरूनही, चार मिनिटंसुद्धा लागली नव्हती.

मंजुरीनंतर पडद्यावर अपवादांची यादी आली. दोनशे बारा घरं. कंपनीचे संचालक, त्यांचे नातेवाईक, काही बडे पाहुणे. पहिल्या नोंदीची तारीख इंदुमतीबाईंच्या मृत्यूच्या आठ महिने आधीची होती. पळसोकरचं घर दोनशे तेरावं झालं.

तो भिंतीला धरून बाहेर आला आणि पायरीवर बसला. शर्ट ओला, ओठ पांढरे, खुर्ची आदळून उजवा हात सुजलेला. प्रणिताने गाडीतली पाण्याची बाटली नेऊन त्याच्यापुढे ठेवली. त्याने ती दोन्ही हातांनी धरून प्यायली.

"तुम्हाला हे पचणार नाही," तो म्हणाला.

"पचवायचंच नाहीये मला," ती म्हणाली. "माझी मीच पोलिसांना बोलावते. तुमच्याबद्दल आणि माझ्याबद्दल, दोन्ही सांगते."

तिला वाटलं होतं, त्याला असा बसलेला पाहून जीव थंड होईल. थोडा झाला. त्याला असं घटाघटा पिताना पाहून बरं वाटलं, हे तिने स्वतःपाशी नाकारलं नाही. पोलिसांची गाडी येईपर्यंत ती त्याच्यासमोर उन्हात उभी राहून बघत होती.

*

पुढचं सगळं वर्तमानपत्रांत आलं. दोनशे तेरा घरांची यादी छापून आली. मौनात गेलेल्या घराचं दार आतून उघडलंच पाहिजे असा आदेश निघाला, आणि साडेचार लाख घरांत ती एक ओळ एका रात्रीत बदलली गेली. इंदुमतीबाईंची तक्रार पुन्हा उभी राहिली. त्या गेल्या त्याच उन्हाळ्यात मौनात गेलेल्या घरांतून आणखी पाच माणसं गेली होती, त्यांची मुलंबाळं पुढे आली. पळसोकरवर खोट्या शपथेचा आणि मृत्यूस कारणीभूत ठरल्याचा खटला भरला गेला.

प्रणितावरचा खटला वेगळा चालला. तिने सगळं कबूल केलं होतं. ती कबुली नसती तर त्या ध्वनिमुद्रणाला विचारलं कोणी असतं की नाही, कोण जाणे. शबाना काझींनी तिचं वकीलपत्र आपणहून घेतलं. त्यांचं म्हणणं सोपं होतं. या बाईने सत्य बाहेर काढण्यासाठी दार अडवलं, किल्ली हाताशी ठेवली होती, आणि माणसाच्या जिवाला धोका दिसताच ती दार उघडणार होती.

"न्यायाधीश एवढंच विचारतील," सुनावणीच्या सकाळी शबानाताईंनी तिला बजावलं. "तुम्ही 'हो' म्हणा. एक शब्द. बाकीचं मी सांभाळते."

प्रणिताने मान हलवली होती.

साक्षीसाठी पळसोकरलाही आणलं होतं. तो वाळला होता. या वेळी तो तिच्यासमोरच्या बाकावर होता आणि तिच्याकडे बघत होता. त्याची बायको मागे बसली होती.

न्यायाधीश वयस्क होत्या, कागदातून डोकं वर न काढता बोलायच्या. त्यांनी तापमानाची नोंद वाचली, हालचालीचा दिवा किती मिनिटं लागला नव्हता ते वाचलं. मग चष्मा काढला आणि पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं.

"ती बावीस मिनिटं घरातून काहीच खूण नव्हती. तुमच्याकडे किल्ली होती. त्यांनी पुन्हा बटण दाबलंच नसतं, तर तुम्ही जाऊन दार उघडलं असतं का?"

शबानाताई तिच्याकडे पाहत होत्या. प्रणिताला 'हो' म्हणता आलं असतं. त्या एका शब्दावर तिच्या शिक्षेतल्या दोन वर्षांचा फरक होता, हे तिला सकाळीच सांगितलेलं होतं. पण समोर तो बसला होता, आणि शपथ घेऊन कळवळ्याने बोललेलं एक खोटं तिने या माणसाच्या तोंडून ऐकलं होतं.

"नाही," ती म्हणाली.

शबानाताईंनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. मागे पळसोकरच्या बायकोने तोंडावर पदर घेतला. जबाब टिपणारा कारकून थांबला होता. त्याने वर पाहून विचारलं, "बाई, नीट ऐकू आलं नाही. परत सांगता का?"

"सांगते," प्रणिता म्हणाली आणि माइक जवळ ओढला. "मी बसून राहिले असते. नाही उघडलं असतं मी दार."

कारकुनाने न्यायाधीशांकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली, तेव्हा त्याने ते लिहून घेतलं.